तिसरा रकाना

करावे गावामागच्या बांधावर
सकाळी साडेसहाला मी घडीचं स्टूल मांडतो.
दुर्बीण मुलीनं दिलेली. वही माझी,
सिडकोत असताना आणलेली, चौकटींची.
डावा रकाना : ठिपकेवाली मनोली.
उजवा : काळ्या डोक्याची.

ठिपकेवालीची छाती पाहायची.
पांढऱ्यावर तपकिरी खवले, एकावर एक,
बोईटाच्या अंगावरून उचलून
कुणी पाखराला चिकटवावेत तसे.
चेहरा चिंचोक्याच्या रंगाचा, चोच काळपट.
ती कुठंही संसार मांडते :
कुंपणाच्या बोगनवेलीत,
चौथ्या मजल्यावर, एसीच्या पाईपामागं
गवताचा गोळा कोंबून.

काळ्या डोक्याचीला मात्र ओल लागते.
पाणकणसाचा दांडा धरून, एक पाय वर, एक खाली,
दांडा वाकेल तिथवर ती जाते
आणि वाकलेल्या जागीच थांबून बी सोलते.
डोकं दौतीत बुडवून काढलेलं,
पोट पांढरं, मधोमध पुन्हा शाई सांडलेली,
पाठ विटकरी.
चोच निळसर, जाड,
नव्या ॲल्युमिनियमच्या झाकणासारखी.

हे सगळं मी बामीबायला समजावून सांगितलं.
ती चिंबोऱ्यांची टोपली घेऊन बांधावरून परतत होती.
दुर्बीण तिनं उलटी धरली, मग सुलटी,
मग परत दिली.
"दोन कशाला? आमी त्यान्ना येकच म्हनायचू. भातखाऊ."

आठ वर्षांची होती तेव्हा
कणसात दूध भरलं की इथंच
पत्र्याचा डबा बडवत फिरायची.
खवलेवाल्या यायच्या, शाईवाल्या यायच्या,
डबा वाजला की एकच ढग उठायचा
आणि पलीकडच्या खाजणात बसायचा.
"कुनाची छाती बगाला येल कुनाला व्हता?"

मी दुर्बिणीची काच पुसत राहिलो.
तिचं खाजण एकदा माझ्या टेबलावर आलं होतं.
सात सेंटिमीटर बाय चार.
त्यातून मी रस्ता काढला, बारीक निबानं,
आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.
हे तिला माहीत आहे का, मी विचारलेलं नाही.

ऑक्टोबरात घोटाळा होतो.
पिल्लं घरट्यांतून बाहेर पडतात
आणि सगळी एकाच रंगाची,
धुतलेल्या गोणपाटाच्या.
खवले फुटलेले नाहीत, शाई चढलेली नाही.
काल गवतावर बावीस बसली होती,
सोबत मोठं कुणी नाही.
चोची पाहिल्या : निळसर वाटल्या.
ढग सरकला : काळपट वाटल्या.
पुस्तक काढलं, तर पुस्तकानंही हात वर केले.

वहीत तिसरा रकाना नव्हता.
पट्टी घरी राहिलेली. हातानंच एक रेघ ओढली,
जरा वाकडी आली.
तेहेतीस वर्षांत अशी रेघ
मी कुणाला दाखवली नसती.
वर नाव काय घालावं, तिथं पेन थांबलं.

बामीबाय मागं येऊन उभी होती.
"जेवताव ना ती? मंग लिव,
जेवनारी, बावीस."
मग पाण्यापलीकडच्या फलकाकडे पाहत राहिली.
त्याच्यावर टॉवरचं चित्र आहे,
टॉवरपुढं हिरवळ, हिरवळीवर एक सायकल,
पाखरू एकही नाही.
"यान्ना साडेबारा टक्के मिलतील का रं?"
आणि ती एवढ्या मोठ्यानं हसली
की टोपलीतल्या चिंबोऱ्या खडखडल्या.

बावीसच्या बावीस उठली.
दोन सोसायटीच्या बाजूला गेलीशी वाटली,
पाचसहा पाणकणसात.
बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही,
डोळ्यांवर ऊन आलं होतं.

मी घाईनं वही मिटली.
फुंकर घालायची राहून गेली.
घरी उघडून पाहतो तर
ती वाकडी रेघ समोरच्या पानावरही उमटलेली, फिकी,
आणि तिच्याखाली, उलट्या अक्षरांत, जेवणारी.